बेळगावातील फिटनेस प्रशिक्षकांची कार्यशाळा : एक अनुभव

खानापुरात छोटी व्यायामशाळा चालवत असल्यामुळे, गुडघेदुखी असलेल्या पन्नाशीपुढच्या सभासदांना स्क्वॉट (उठाबशांसारखा व्यायाम) कसे शिकवावेत हा एकच प्रश्न वहीत लिहून मी टिळकवाडीतील दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो आणि त्याचे उत्तर मला पहिल्याच सकाळी मिळाले. शिक्षिकेने एका सहभागी काकांना आधी उंच खुर्चीवरून उठबस करायला लावली आणि वेदना होत नाही याची खात्री करत बैठकीची उंची हळूहळू कमी केली.

सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचा, सराव सर्वांत मोलाचा वाटला. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, हे पाठ असूनही पुतळ्यावर दीड मिनिटातच माझे हात ढिले पडले. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस का बदलायचा, हे तेव्हा खरे उमगले.

पूरक आहारावरील सत्र मात्र निव्वळ विक्रीचे होते, याचे वाईट वाटले. शिवाय व्यायाम प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतील एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या संस्थेच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी दर दोन वर्षांनी २० तासांचे मान्यताप्राप्त शिक्षण लागते. त्यात या कार्यशाळेचे तास धरले जातील का, याचे उत्तर आयोजकांकडे नव्हते. शुल्क भरण्यापूर्वीच ते लेखी विचारून घ्यावे.