पाँटियाक जीटीओचा जन्मदाखला : पीएचएसचा कागद काय सांगतो, काय नाही

पाँटियाक या अमेरिकी कंपनीची 1964 किंवा 1965 ची जीटीओ ही जुनी गाडी घ्यायची असेल, तर आधी पीएचएसचा कागद मागवा, किमतीची बोलणी नंतर. पीएचएस म्हणजे पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, मिशिगनची संस्था. पाँटियाकच्या जुन्या बिलिंग नोंदींची मायक्रोफिल्म जिम मॅटिसन यांनी सांभाळली, त्यातून ही सेवा उभी राहिली.

कागद लागतोच, कारण या दोन वर्षांत गाडीच्या नंबरात (रस्त्यावरच्या पाटीचा नव्हे, कारखान्याने दिलेला ओळख नंबर) 'जीटीओ' कुठेच नसतं. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको, असा पाँटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पाँटियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि मंडळींनी 389 घनइंची इंजिन बसवलं, पण स्वतंत्र मॉडेल म्हणून नाही. लमाँ या मध्यम आकाराच्या पाँटियाकवरचा पर्याय म्हणून. 1964 साली त्याचा कोड 382 आणि किंमत साधारण 296 डॉलर. वरिष्ठांना चुकवायला काढलेली ही पळवाट आज गिऱ्हाइकाच्या मुळावर येते. साध्या लमाँला जीटीओचं बॉनेट आणि चार बिल्ले लावले की काम झालं.

1965 चा नंबर असा वाचा : 237375पी, पुढे सहा आकडे. पहिला 2 पाँटियाकचा, 37 लमाँ, दुसरे 37 हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेली बॉडी), 5 म्हणजे साल, पी म्हणजे पाँटियाक शहरातला कारखाना. पुढच्या सहा आकड्यांची सुरुवात 6 ने असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली, म्हणजे जीटीओ नव्हेच. कागदावर पैसे घालवूच नका. 1966 ते 1971 या काळात नंबर 242 ने सुरू होतो आणि जीटीओ असल्याचं तिथेच कळतं. तेव्हा कागद लागतो तो पर्यायांसाठी, किंवा 1969 ची 'जज' ही जीटीओची खास आवृत्ती खरी की रंगवलेली हे ठरवायला, कारण जजलाही नंबर साधाच, 242.

पूर्ण नंबर आणि फी पाठवली की बिलिंग कार्डाची प्रत येते, सोबत कोड उलगडायला माहिती. देखणं काही नाही. मायक्रोफिल्मवरून काढलेली प्रत, कडेला काळे डाग, एखादा आकडा 3 की 8 असा प्रश्न पडावा इतका पुसट. फ्रेम करून भिंतीवर लावायचा हा कागद नव्हे, पण कारखान्याने डीलरला नेमकं कशाचं बिल लावलं ते यात दिसतं.

1964 ते 1967 च्या गाड्यांसाठी कार्डावरची सर्वात मोलाची नोंद म्हणजे इंजिन युनिट नंबर, म्हणजे इंजिनाचा स्वतःचा क्रमांक. त्या काळात पाँटियाकच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकत नसत. ते 1968 पासून सुरू झालं. त्यामुळे 'नंबर जुळतात', म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच आहे, हा दावा तपासायचा तर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडखाली बॅटरी मारून पाहा. इंजिनाचा कोड आणि युनिट नंबर तिथेच असतात. ग्रीस असेल तर ब्रशने पुसा, सँडपेपर लावू नका. 1965 ला डब्ल्यूटी म्हणजे चार बॅरलचा कार्ब्युरेटर, 335 अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर. डब्ल्यूएस म्हणजे ट्राय-पॉवर (तीन कार्ब्युरेटर), 360 अश्वशक्ती, तोही मॅन्युअल. ऑटोमॅटिकला अनुक्रमे वायएस आणि वायआर. त्या वर्षीच्या 75,352 जीटीओंपैकी 20,547 ट्राय-पॉवर होत्या. आज रस्त्यावर दिसतात त्या याहून जास्त वाटतात! तीन कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड बाहेरून आणून बसवणं एका दिवसाचं काम, आणि कार्ड ते लगेच उघडं पाडतं.

उणिवाही आहेत. डीलरने नंतर बसवलेलं काहीच कार्डावर येत नाही. रॉयल पाँटियाक या डीलरचा 'बॉबकॅट' हा ताकद वाढवणारा संच असल्याचा दावा असेल तर डीलरची स्वतंत्र पावतीच लागेल. बांधणीचा आठवडाही कार्डावर शोधू नका. तो फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवरच्या) पत्र्यावर सापडतो : 04सी म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा.

शिवाय कागद नंबराचा असतो, लोखंडाचा नाही. डावा दरवाजा उघडून बिजागरीच्या खांबावरची नंबरपट्टी पाहा. 1965 ला तिचे रिवेट फुलासारख्या पाकळ्यांचे हवेत. साधे गोल रिवेट दिसले तर अस्सल कार्ड दुसऱ्याच गाडीचं असू शकतं. विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका. त्याच नंबरावर स्वतःची प्रत थेट मागवा.

फोर्डसाठी केव्हिन मार्टी यांचा अहवाल वाचायला कितीतरी सोपा आणि छपाईही सुरेख, पण त्यांच्या नोंदी 1967 पासूनच्या. पहिल्या मस्टँगवाल्यांना त्याचा उपयोग नाही. पीएचएसचा कागद दिसायला डावा असला, तरी 1964 च्या पहिल्या जीटीओपर्यंत पोचतो.