९०० व्हीएचा इन्व्हर्टर, १५० एएचची बॅटरी: गड्ड्याच्या थंडीपासून वळवाच्या पावसापर्यंत

सोलापुरात इन्व्हर्टर घेतात तो उन्हाळ्यासाठी. आम्ही घेतला आईच्या दम्यासाठी. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो त्या दिवसांत, पहाटेची थंडी तिला सोसत नाही. नेब्युलायझर लावायचा आणि नेमकी लाईट गेलेली, म्हणजे घरभर धावपळ. नेब्युलायझर शंभर-दीडशे वॉट घेतो, तेवढं या सेटला काहीच नाही. त्या एका कामासाठी पैसे वसूल झाले असं मी धरतो.

बॅकअपचं गणित दुकानात कुणी नीट सांगत नाही. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. पण हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा. पटापट ओढलं की कमी मिळतं, इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, आणि बॅटरी पार तळाला नेली की तिचं आयुष्य घटतं. मी हजार-अकराशेच हिशेबात धरतो. थंडीत पंखे बंद, चार एलईडी आणि राऊटर मिळून पन्नास वॉटच्या आत, त्यामुळं रात्र आरामात निघते. मे महिन्यात साधे दोन पंखे वाढले की तेच पाच तासांवर येतं. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ७५ ऐवजी तीसेक वॉटवर फिरतो. एक बदललाय, दुसराही बदलणार आहे.

हीटर आणि गिझर यावर चालत नाहीत, चालवायलाही जाऊ नका. दोन हजार वॉटची कॉईल आणि सातशे वॉटचा इन्व्हर्टर (९०० व्हीएचे प्रत्यक्षात साधारण तेवढेच वॉट मिळतात), ओव्हरलोडची शिट्टी वाजून बंद पडतो. खरी काळजी इथंच आहे. ऊब विजेवर मिळत नाही म्हटलं की माणूस कोळशाकडं आणि गॅसकडं वळतो. आमच्या आळीत अजून काही घरांत रात्री खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपतात. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं इतकीच सूचना मिळते, झोपलेल्याला तीही नाही. आईसाठी आम्ही रबरी पिशवीत गरम पाणी आणि दोन सोलापुरी चादरी एवढ्यावर भागवलं.

गॅस गिझर याहून फसवा. तो छोट्या सेलवर पेटतो, म्हणजे लाईट गेली तरी चालूच राहतो. बंद पडतो तो बाथरूमचा एक्झॉस्ट. खिडकी थंडीमुळं लावलेली, आत ज्योत, आणि हवा बाहेर जायला वाट नाही. म्हणून एक्झॉस्टची लाईन इन्व्हर्टरवर घ्यायला लावली, चाळीसेक वॉटचा खर्च. तरी एक्झॉस्टवर विसंबून चालत नाही. गिझर बाहेर गॅलरीत बसवला आणि पाणी पाइपनं आत आणलं, तेव्हा मला झोप लागली. जनरेटरचंही तेच: जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात लावला की धूर वरच्या घरांत चढतो.

बसवणाऱ्या माणसाबद्दल मात्र तक्रार आहे. बॅटरी देवघराच्या खालच्या कप्प्यात ढकलत होता. वर समई, खाली चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी बॅटरी! हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. "काही होत नाही ओ, सगळे तिथंच ठेवतात," हे त्याचं उत्तर. शेवटी हवेशीर पॅसेजमध्ये ठेवली. शिवाय त्यानं इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळून ठेवला होता, त्यामुळं आरसीसीबी (गळती करंट दिसला की वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप व्हायचा. दुसऱ्या वायरमननं न्यूट्रल वेगळा केल्यावर थांबला.

घरात सगळ्यांना एक गोष्ट बजावून ठेवलीय. लाईट गेली म्हणून बोर्ड उघडायचा नाही. बाहेरून वीज नसली, मेन स्विच पाडला, तरी इन्व्हर्टरच्या लाईनवर २३० व्होल्ट असतातच. आधी इन्व्हर्टर बंद, मग पेचकस.

एप्रिलपासून खेळ बदलला. वळवाचं वारं सुटलं की लाईट जाते ती तासन्‌तास. तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता १९१२ ला फोन करायचा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा यूपीएस मोडमध्ये (कॉम्प्युटरसाठीची सेटिंग) असलेला इन्व्हर्टर साधारण १८० च्या खाली वीज नाकारतो आणि बॅटरीवर जातो. मग खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी. कॉम्प्युटर नसेल तर मागचा स्विच साध्या मोडवर ठेवा. पाणी यायच्या दिवशी लाईट गेली तर मोटर यावर चालत नाही. अर्ध्या एचपीची असली तरी सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. टाकी आदल्या पाळीला भरून ठेवणं हाच उपाय.

पारा चाळिशी ओलांडला की बॅटरीतलं पाणी झरझर उतरतं. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांनी तापमान चढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. बॅटरीवरचा पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट लाल खुणेकडं सरकला की डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही. नवीन घेणाऱ्याला परवडत असेल तर लिथियम पाहावी: पाणी नाही, हायड्रोजनची भानगड नाही, किंमत मात्र बरीच जास्त. माझी ट्यूब्युलर (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) अजून नीट चाललीय, तोवर मी बदलत नाही.