व्हीपीएन नव्हतंच, तरी टॅली उघडलं

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. सहा मशीन, नऊ माणसं. हिशेब बघणाऱ्या ताई हडपसरला राहतात. रोज नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमधून येणं त्यांना झेपेना, म्हणून घरून टॅलीवर काम करता येईल अशी सोय करायचं ठरवलं. शेजारच्या गाळ्यात नेटवर्कचं काम केलेल्या माणसालाच बोलावलं. फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारं यंत्र), व्हीपीएनचं (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित, खासगी रस्त्याचं) लायसन्स आणि बसवणूक मिळून त्याने ४२,००० रुपये घेतले. शिवाय दरवर्षी १४,००० 'रिन्युअल'चे. ताईंच्या लॅपटॉपवर 'ऑफिस व्हीपीएन' नावाचा आयकॉन आला. क्लिक केलं, पासवर्ड टाकला की ऑफिसचा कॉम्प्युटर समोर. दोन वर्षं कधी अडलं नाही, म्हणून आम्हाला शंकाही आली नाही.

मग ताई माहेरी साताऱ्याला गेल्या असताना त्यांचा लॅपटॉप बंद पडला. जीएसटीआर-१ ची, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या विवरणपत्राची, ११ तारीख तोंडावर होती. त्यांनी भावाच्या लॅपटॉपवर विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबचा कॉम्प्युटर चालवायची सोय, उघडलं आणि डायरीत लिहून ठेवलेला आयपी नंबर, म्हणजे ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता, टाकला. काम संपवून मला फोन केला, "दादा, इथे आपलं व्हीपीएन टाकलेलंच नाही, तरी टॅली उघडलं. असं चालतं का हो?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी निगडीहून एक जाणकार मित्र आला. राउटरचा पासवर्ड त्या माणसाने आम्हाला कधी दिलाच नव्हता, 'सिक्युरिटीसाठी' म्हणे. मित्राने राउटर उलटा केला आणि स्टिकरवर छापलेला पासवर्ड टाकला. तोच लागला! ज्याला फायरवॉल म्हणून पैसे मोजले, तो घरात वापरतात तसला साधा राउटर होता. त्यात व्हीपीएनचं नावनिशाण नव्हतं. पोर्ट ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, थेट हिशेबाच्या कॉम्प्युटरकडे वळवलेला. आयकॉन हा नुसता नाव बदललेला शॉर्टकट. जगातून कुणीही आमचा आयपी नंबर टाकला की लॉगिन समोर यायचं. मध्ये फक्त एक पासवर्ड, तोही 'टॅली' आणि पुढे १२३.

मित्राने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची वही, उघडला. ४६२५ म्हणजे चुकलेलं लॉगिन. पानंच्या पानं तीच नोंद, रात्रभर, दर काही सेकंदांनी. नावं बदलून बदलून: ॲडमिनिस्ट्रेटर, यूजर, अकाउंट्स, टॅली. हे करणारी माणसं नसतात, प्रोग्रॅम असतात, उघडे पोर्ट हुडकत फिरणारे. असाच पासवर्ड जुळला की सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात. आमचा बॅकअपही त्याच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर होता, म्हणजे तोही गेला असता.

त्या माणसाला फोन केला. "साहेब, दोन वर्षं चालतंय ना? फारच वाटत असेल तर पोर्ट बदलून देतो." पोर्ट एकूण ६५,५३५, ते प्रोग्रॅम सगळेच तपासतात, नंबर बदलून दरवाजा लपत नाही. पैसे परत मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. बिल पाहिलं तर साध्या कागदावरचं, ना जीएसटी नंबर, ना लायसन्सचा नंबर. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

ते पोर्ट त्याच दिवशी बंद केलं. मित्राने वायरगार्ड नावाचं खरंखुरं व्हीपीएन बसवून दिलं. ते मोफत आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. बसवणाऱ्याने मेहनतीचे पैसे घ्यावेत, पण त्याला वार्षिक लायसन्स लागत नाही. प्रत्येकाची डिजिटल किल्ली वेगळी. कुणाचा लॅपटॉप हरवला तर तेवढीच किल्ली काढायची. किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही.

तुमच्याकडे असं काम झालं असेल तर आजच करून बघा: ऑफिसचं वायफाय सोडा, मोबाइलच्या डेटावर या, व्हीपीएन बंद करा आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये ऑफिसचा आयपी नंबर टाका. लॉगिन दिसता कामा नये. दिसलं तर आधी राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे पोर्ट आतल्या कॉम्प्युटरकडे वळवणारी सेटिंग, काढा, बाकीचं नंतर.

आमच्या रांगेत त्याच माणसाने काम केलेले आणखी तीन गाळे आहेत. मालकांना विचारून, माझ्याच मोबाइलवरून त्यांचे आयपी नंबर टाकून पाहिले. दोन ठिकाणी लॉगिन आलं.