डॉक्टर रस्त्यावर की रुग्ण रुग्णालयात?

फ्रान्समध्ये १५ नंबर फिरवला की फोनवर डॉक्टर सल्लामसलत करतो आणि प्रकरण गंभीर वाटलं तर डॉक्टरसकट गाडी पाठवतो. अतिदक्षता विभागच जणू दारात येतो. अमेरिकेत ९११ ला फोन केला तर येतात ते पॅरामेडिक, म्हणजे तातडीचे उपचार शिकलेले कर्मचारी, डॉक्टर नव्हे. जखमीचा श्वास सांभाळायचा, रक्त थांबवायचं आणि ट्रॉमा सेंटर गाठायचं. तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्त सगळं तयार.

हृदयविकाराच्या झटक्यात मला फ्रेंच पद्धत पटते. ईसीजी घरीच काढला की थेट अँजिओप्लास्टीच्या टेबलावर नेता येतं. पण पोटात, छातीत आतून रक्तस्राव होत असेल तर रस्त्यावर कितीही हुशार डॉक्टर असला तरी हातात सलाईनच. टाके घालायला शस्त्रक्रियागृहच लागतं. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅरिसमध्ये ब्रिटनच्या प्रिन्सेस डायनाला अपघातानंतर रुग्णालयात पोचायला दीड तासाहून जास्त वेळ लागला. फुप्फुसाची रक्तवाहिनी फाटली होती. लवकर नेलं असतं तर वाचली असती का, यावर डॉक्टर अजून भांडतात.

आपली महाराष्ट्रातली १०८ रुग्णवाहिका गंमतशीर आहे. २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर, बहुतेकदा बीएएमएस. म्हणजे तोंडवळा फ्रेंच, काम मात्र अमेरिकी: उचला आणि पळा. फक्त पळायचं कुठे? घाटात अपघात झाला की जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पट्टी, मग जिल्हा रुग्णालय, मग पुणे किंवा मुंबई.