गिंझाचा जिना आणि केइको

काल रात्री एकदाचा 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स' बघून झाला. मिकिओ नारुसेचा १९६० चा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर. टोकियोच्या गिंझामधल्या बारमध्ये काम करणारी विधवा केइको, सगळे तिला 'मामा' (म्हणजे बार सांभाळणारी मुख्य बाई) म्हणतात, वय तिशीचं, एकतर लग्न करायचं नाहीतर स्वतःचा बार काढायचा, आणि दोन्हीला पैसा किंवा पुरुष लागतोच. वर मालकिणीची कटकट, उधारी न देणारी गिऱ्हाईकं, महागडे किमोनो आणि घरून भाऊ पैसे मागतोय तो वेगळाच! केइको झालेली हिदेको ताकामिने काय दिसते आणि काय करते राव, रोज संध्याकाळी जिना चढताना नकोसं वाटणं आणि दार उघडताच तोंडावर हसू, बस्स एवढ्यातच सगळं आलं. सिनेमातले किमोनोसुद्धा तिनेच निवडलेत म्हणे. मॅनेजर झालेला तात्सुया नाकादाई मनातल्या मनात झुरतो आणि शेवटी चिडून थोबाडीत मारतो, तिथे मला त्याचा रागच आला. मयुझुमीचं जॅझ म्युझिक एकदम हलकं, रडारड करायला लावत नाही. मधे थोडा रेंगाळतो, पण तो स्टेशनवरचा सीन, केइको एका लग्न झालेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या बायको-पोरांसमोर त्याने दिलेले शेअर्स परत करते तो... मी पॉज करून चहा टाकायला उठले.