नोज व्हीलचा शिमी काढतो म्हणून आमचाच डॅम्पर आम्हाला विकला, नागपूरकरांनो सावध राहा

घरी विमान बनवणारे, मायक्रोलाइट (हलकी छोटी विमानं) ठेवणारे, विदर्भातले असोत की कुठलेही, त्या सगळ्यांसाठी लिहितोय. जरा मोठं आहे पण पूर्ण वाचा आणि ओळखीच्यांना पाठवा. नागपुरात एक माणूस फिरून राहिलाय, स्वतःला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणवतो, मोठ्या विमानांवर काम केलंय म्हणून सांगतो, बोलायला एकदम गोड. नोज व्हीलचा (पुढच्या चाकाचा) शिमी, म्हणजे थरथर, काढून देतो म्हणून आमच्याकडून ९२ हजार घेऊन गेला. पैशाचं दुःख आहेच, पण त्याने चाकात जे बोल्ट लावून ठेवले होते त्यावर कोणी विमान उतरवलं असतं तर काय झालं असतं हा विचार केला की अजूनही अंगावर काटा येतो.

आधी विमानाबद्दल थोडं. विमान माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं. २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या वेळी अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बनवलेलं विमान लोकांनी बघितलं ना, तेव्हापासून दादाच्या डोक्यात हे बसलं. दोन सीटचं, पुढे चाक असलेलं. नोज गियरला (पुढच्या चाकाच्या पायाला) सेस्ना १७२ ह्या छोट्या विमानासारखाच बाहेरून लावलेला छोटा हायड्रॉलिक डॅम्पर आहे, म्हणजे तेल भरलेला थरथर दाबणारा दट्ट्या. उडवायची परवानगी अजून यायची आहे म्हणून बुटीबोरीच्या पुढे एका ओळखीच्या कारखान्याच्या आवारात लांब काँक्रीटचा रस्ता आहे तिथे आम्ही फक्त टॅक्सी करून बघत होतो. स्पीड थोडा वाढला की पुढचं चाक थरथरायला लागायचं आणि मग सगळं पॅनल हलायचं, घड्याळांचे काटे वाचता येत नव्हते. अशा वेळी पॉवर काढायची आणि स्टिक मागे ओढून पुढच्या चाकावरचं वजन कमी करायचं, दादा तेच करायचा आणि ते थांबायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिमी म्हणजे पुढचं चाक डावी-उजवी फडफडतं ते. मॉलमधली ट्रॉली जोरात ढकलली की तिचं पुढचं चाक कसं थडथडतं, तेच हे. चाक वळतं तो पिव्हटचा अक्ष पुढे असतो आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा त्याच्या मागे, त्यामुळे चाक सरळ व्हायला जातं, सरळच्या पलीकडे जातं, टायरचं रबर त्याला परत फेकतं, की पुन्हा तेच. सांध्यांमध्ये ढिलाई असली की ह्या खेळाला जागा मिळते आणि तो वाढत जातो. डॅम्परचं काम ती एनर्जी खाऊन टाकायची. पण नीट लक्षात घ्या, डॅम्पर शिमी दाबतो, शिमी सुरू होते ती बहुतेक वेळा दुसरीकडून: टॉर्क लिंकचे (चाकाचा फोर्क पिळू न देणाऱ्या जोडदांड्यांचे) झिजलेले बुश, ढिले बोल्ट, बॅलन्स नसलेलं किंवा गोलाई गेलेलं टायर, चुकीची हवा, सैल व्हील बेअरिंग. हवेचं तर आपल्याकडे मे महिन्यात आणखीनच, दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजलेली आणि सकाळी मोजलेली सारखी येतच नाही, सकाळी थंड टायरमध्येच बघायची.

तर हा माणूस एका ओळखीच्या ओळखीतून आला. विमान बघितलं, चाकाला हातसुद्धा लावला नाही, उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, डॅम्पर गेलाय, ओरिजिनल अमेरिकेहून मागवावा लागेल, सर्टिफिकेटसकट देतो." इथेच बघा. जो माणूस शेपटीला वजन बांधून पुढचं चाक उचलत नाही, फोर्क दोन्ही हातांनी धरून पिळून बघत नाही, कुठला सांधा आधी हलतो आणि कुठला मागून हलतो ते बघत नाही, तो रिपेअर करायला आलेलाच नसतो, तो पार्ट विकायला आलेला असतो. डॅम्पर खरंच मेलाय का हे बघायला त्याचं एक टोक सोडायचं आणि रॉड हाताने आतबाहेर करायचा, दोन्ही बाजूंना सारखा जड जायला पाहिजे. मध्येच मोकळा जातो आणि मग पकडतो तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. पाच मिनिटांचं काम आहे ते, आणि त्याने ते केलं नाही.

दादाने कागद पाहिजेत म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. त्याने व्हॉट्सॲपवर एफएए फॉर्म ८१३०-३ चा, म्हणजे अमेरिकन विमान खात्याच्या पार्ट-सर्टिफिकेटचा, फोटो पाठवला, शिक्का, सही, पार्ट नंबर, सगळं होतं. मग ॲडव्हान्स गेला यूपीआयने, बाकीचे काम झाल्यावर. जुना डॅम्पर "कोअर म्हणून (नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना पार्ट) परत पाठवावा लागतो सर" म्हणत घेऊन गेला आणि काही दिवसांनी काळा चकचकीत "नवीन" डॅम्पर घेऊन आला. सोबत टॉर्क लिंकचे बोल्टही नवीन टाकले म्हणाला, जुने परत मागितले तर म्हणे भंगारात गेले. समोर टॅक्सी करून दाखवली, चाक एकदम शांत. पैसे दिले.

त्यानंतर थोड्याच रनमध्ये शिमी परत आली आणि आधीपेक्षा भयानक. पुढचं चाक उचलून हब धरला तर हाताला चटका बसला. ॲक्सलचा नट त्याने इतका आवळला होता की बेअरिंग जाम, आणि स्टीअरिंगचा कॉलरही गच्च करून ठेवला होता, म्हणून त्या दिवशी चाक हललं नाही. चालून चालून ते मोकळं झालं आणि खरं रूप बाहेर आलं.

मग दादाने टॉर्क लिंक उघडली. बोल्टच्या डोक्यावर केशरी टॉर्क सील (खुणेचा रंगीत लेप) फासलेलं होतं. टॉर्क सील लावतात ते नट आणि खालच्या पृष्ठभागावर मिळून एक रेघ, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. डोक्यावर थापायचं कारणच काय? थिनरने पुसलं तर खाली कानशीने घासलेलं डोकं आणि एका कोपऱ्यात अर्धा राहिलेला ८. विमानाच्या स्टीलच्या एएन बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. ८.८ असतं ते आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या मेट्रिक बोल्टवर. व्हर्नियर लावला, शँक (बोल्टचा दांडा) भरला ५.९ मिमी. भोक आहे पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिमी. जवळजवळ अर्धा मिलिमीटर ढिलाई त्याने स्वतःच्या हाताने आमच्या चाकात घातली, शिमी काढायला आलेल्या माणसाने! आणि फिरणाऱ्या सांध्यावर कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यातून जाणारी कॉटर पिन पाहिजे तिथे साधा नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट). भोक एका बाजूला ओव्हल व्हायला लागलं होतं, बोल्टवर घासून चकाकणारी पट्टी पडली होती.

त्यानंतर डॅम्परवर आमचा विश्वास कशाला राहतो. दादाला सवय आहे, कुठलाही पार्ट उघडायच्या आधी बॉडी आणि एंड कॅप दोन्हीवर सेंटर पंचने एकेक टिंब मारतो, बसवताना जुळावं म्हणून. काळ्या रंगावर नख फिरवलं तर रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि त्याच्या खाली दादाची ती दोन टिंबं, समोरासमोर. आमचाच डॅम्पर. रंग मारून आम्हालाच विकला. आतलं तेल बाहेर काढलं तर फिकट पिवळं आणि वास गाडीच्या ब्रेक ऑइलचा. ह्या डॅम्परमध्ये ५६०६ नावाचं मिनरल हायड्रॉलिक तेल लागतं, लाल रंगाचं असतं, आणि सील नायट्राइल रबरचे असतात. गाडीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड त्या सीलना फुगवतं, खराब करतं. म्हणजे जे सील धडधाकट होते तेही त्याने घालवले.

मग तो फॉर्म नीट वाचला. त्या फॉर्मच्या खाली दोन भाग असतात, डावीकडे १३ नंबरचा तो नव्याने बनवलेल्या पार्टसाठी, उजवीकडे १४ नंबरचा तो दुरुस्त किंवा ओव्हरहॉल होऊन आलेल्या पार्टसाठी. ११ नंबरच्या रकान्यात ह्याने "न्यू" लिहिलं होतं आणि सही होती उजवीकडे. १० नंबरच्या रकान्यातला सिरीयल नंबर डॅम्परवरच्या प्लेटशी जुळत नव्हता, प्लेटवरून मुद्दाम जाड रंग मारला होता. ३ नंबरला ट्रॅकिंग नंबर असतो आणि ४ नंबरला ज्या कंपनीने फॉर्म दिला तिचं नाव-पत्ता, तिथे ईमेल केला, उत्तर आलं की असा फॉर्म आम्ही दिलेलाच नाही. हा ईमेल पैसे द्यायच्या आधी पाठवता येतो, खर्च शून्य, आणि खरा विकणारा असेल तर त्याला दोन दिवस थांबायला काहीच हरकत नसते. हा मात्र सारखं "सर डॉलर वाढून राहिलाय, आजच करा" करत होता.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला सप्लायरने फसवलं, मग म्हणाला तुम्हीच बदलला असेल, मग नंबर बंद. यूपीआयचे पैसे गेले म्हणून १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि खोट्या कागदासाठी ३३६. तिथल्या साहेबांना आधी वाटलं खेळण्यातल्या विमानाबद्दल बोलतोय, पण बोल्ट, व्हर्नियर आणि रंगाखालची टिंबं समोर ठेवल्यावर त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणून सांगतो, उघडायच्या आधी प्रत्येक पायरीचे फोटो काढा, बोल्ट फेकू नका, तेल बाटलीत भरून ठेवा. आणि जुना पार्ट कोणालाही नेऊ देऊ नका, कोअर परत द्यायचा असेल तर आपल्या हाताने कुरिअर करा.

आमचं विमान आता ठीक आहे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकाजींनी टॉर्क लिंकची भोकं रीम करून नवीन ब्राँझचे बुश बसवून दिले, एवढं बारीक काम इतक्या मन लावून करणारी माणसं नागपुरात आहेत हे बघून बरं वाटलं. एएन बोल्ट खात्रीच्या ठिकाणाहून आणले, कॅसल नट, कॉटर पिन. चाक बॅलन्स केलं, बेअरिंग बदलून नट नीट सेट केला. डॅम्पर तोच, नवे नायट्राइल सील आणि लाल ५६०६. बुश, बोल्ट आणि बॅलन्सिंग झाल्यावर डॅम्पर बसवायच्या आधीच हळू स्पीडला थरथर जवळजवळ गेलेली होती. सगळं मिळून खर्च त्याने घेतलेल्या पैशाच्या पाव हिश्श्याएवढाही आला नाही.

त्याचं नाव इथे टाकत नाही, केस चालू आहे. पण कोणाला असा उजवीकडे सही असलेला "न्यू" पार्टचा फॉर्म मिळाला असेल, किंवा चाकाला हात न लावता डॅम्पर गेलाय सांगणारा कोणी भेटला असेल तर मला फॉर्मचा फोटो आणि पेमेंटची तारीख कळवा, आमच्या अर्जाला जोडतो. एकापेक्षा जास्त तक्रारदार असले की तपासाला जोर येतो असं त्या साहेबांनीच सांगितलंय.