पुरात बुडालेली गाडी आणि माझे ११,८५० रुपये

गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेचं पाणी नाल्यांमध्ये उलटं घुसतं. २०२० चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. माझी गाडी बुडाली त्या सकाळी धानाच्या रोवणीच्या बाया बांधीवर, म्हणजे शेतावर, येऊन थांबल्या होत्या, म्हणून मी रपट्यावरून, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, मोटारसायकल घातली. पाणी गुडघ्याच्या वर लागलं, सायलेन्सर बुडाला, गाडी मधेच बंद पडली. ती चूक माझीच. पण त्यानंतर मी एकही किक मारली नाही. इंजिनात पाणी असताना किक किंवा सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो, एवढं मला ठाऊक होतं. दोन किलोमीटर ढकलत गाडी गॅरेजवर नेली.

मिस्त्रीनं माझ्यासमोर प्लग काढला आणि किक मारली. भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. किक अगदी सहज खाली गेली, मी स्वतः पाहिली. संध्याकाळी त्याचा फोन आला, "भाऊ, इंजिन जाम झालं जी तुमचं. ब्लॉक, पिस्टन, रॉड, सारंच गेलं." सकाळी सहज फिरणारं इंजिन बंद उभ्या गाडीत संध्याकाळपर्यंत जाम कसं होईल? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. नाही विचारला. रोवणी अर्धी राहिली होती, गाडीशिवाय एक दिवस निघत नव्हता, आणि हेच तो ओळखून होता.

साध्या कागदावर हिशेब दिला: ब्लॉक-पिस्टन ४,२००, रॉड किट २,६५०, गॅस्केट ६५०, ऑइल ४५०, लेथचं काम १,४००, मजुरी २,५००. एकूण ११,८५०. पाच हजार फोनवरून पाठवले, बाकी ६,८५० रोख.

आणि आता ते, ज्यानं रात्री झोप लागत नाही. "तुमचा जुना पिस्टन" म्हणून त्यानं एक पिस्टन हातात दिला. मी तो अंगठ्यानं पुसला. काजळीखाली आकडा कोरलेला होता, ०.५०. मला वाटलं कंपनीचा काहीतरी नंबर असेल. अहो, ०.५० म्हणजे ओव्हरसाइज! एकदा बोअर केलेल्या, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा केलेल्या इंजिनातच तो बसतो. माझी गाडी मी नवी घेतली, इंजिन कधी उघडलंच नव्हतं. चोरी माझ्या तळहातावर होती आणि मी ती पिशवीत घालून घरी आणली.

एकोणीस दिवसांनी इंजिन खडखडायला लागलं. वडसाच्या मिस्त्रीनं ड्रेनचा नट काढला तर ऑइल दुधाच्या चहासारखं. पुराचं पाणी तसंच आत होतं, ऑइलसुद्धा बदललेलं नव्हतं! हेडच्या बोल्टांना पाना लागल्याची खूणही नाही. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालवल्यानं रॉडचं बेअरिंग आता खरंच गेलं. आणखी ६,३०० लागले.

पुरातून काढलेल्या गाडीचं ऑइल आधी स्वतःच्या डोळ्यांदेखत काढायला लावा. दुधाळ दिसलं तर बदला, थोडी चालवून पुन्हा बदला. एअर फिल्टर, कार्बोरेटरची वाटी, ब्रेकचे ड्रम उघडून वाळवले, चेनला ऑइल दिलं की बहुतेक गाड्या त्यावरच सुरू होतात. मिस्त्री इंजिन उघडायचं म्हणाला तर समोर बसा.

पोलीस ठाण्यात गेलो. "हा पैशाचा वाद आहे, कोर्टात जा." पिस्टन टेबलावर ठेवला तर "हे कायले आणलं?" म्हणाले, हात लावला नाही. तलाठी म्हणाले, पंचनामा घराचा, पिकाचा, जनावराचा, गाडीचा नाही. विम्याच्या माणसानं पॉलिसी उलटसुलट केली आणि सांगितलं, थर्ड पार्टी आहे, स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. दर वर्षी हप्ता घेताना हे कोणी बोललं नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? खेड्यातल्या गॅरेजवर पक्कं बिल कोण देतं, हे त्या साहेबांना कोणी सांगावं! तरीही तुम्ही मागा. नाही दिलं तर सगळे पैसे फोनवरूनच पाठवा, रोख एक रुपया देऊ नका.

माझ्याकडे पुरावा म्हणून पाच हजारांचा तेवढा व्यवहार, बिनसहीचा कागद आणि तो ०.५० चा पिस्टन आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. अर्ज लिहून झाला आहे, सोमवारी चंद्रपूरला जातो आहे.